सराट्यानं उघडलेलं बोनट

बाबा, परवा बुलढाण्याला जाताना, बोथ्याचा घाट लागायच्या अलीकडे, माझ्या गाडीच्या बोनटची वायर तुटली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्याकडे कोणती गाडी आहे आणि मी ती कशासाठी चालवते, हेही तुम्हाला माहीत नाही. म्हणून आधी ते सांगते. मी खामगावात बायकांना गाडी चालवायला शिकवते. घरापुढे पाटी आहे, एक लहान पांढरी गाडी आहे, आणि तिच्यात शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक आहे. जानेफळला स्टँडमागच्या मैदानात संध्याकाळी सवाऱ्या सोडून रिकामी झालेली जीप तुम्ही माझ्या हाती द्यायचात, तेव्हा तुमच्या पायाशी काहीच नव्हतं. तुम्ही खिडकीची कड घट्ट धरून बसायचात आणि म्हणायचात, "घाबरू नको माय, मैदान कुठं पळून नाई जाऊन राह्यलं."

परवा गाडीत माझ्याबरोबर माझ्याकडे शिकणाऱ्या एक वहिनी होत्या. गावाबाहेर त्यांचा भाजीपाल्याचा मळा आहे. नवरा स्वतःच्या छोट्या टेम्पोतून वांगी, भेंडी खामगावच्या बाजारात आणायचा. हिवाळ्यात त्याच्या डोळ्याला इजा झाली आणि गाडी चालवणं बंद झालं. दीर रोज म्हणायचा, उभी गाडी सडते, विकून टाकू, हे बाईमाणसाचं काम नाही. एका सकाळी वहिनी पायाला मळ्याची माती तशीच घेऊन माझ्या दारात आल्या. "ताई, मले येईन का हो गाडी?" मी म्हटलं, बैल धरता येतात ना? त्या म्हणाल्या, "हाव." मग येईल, म्हटलं. आणि आली, बाबा. क्लच सोडताना ओठ दातात धरायच्या, पण गाडीला कधी झटका दिला नाही. परवा त्यांची लायसनची परीक्षा होती. परीक्षा माझ्याच गाडीवर द्यायची होती, दुपारनंतर आरटीओचे साहेब कोणाची घेत नाहीत, आणि संध्याकाळी दिरानं बोलावलेलं गिऱ्हाईक टेम्पो बघायला येणार होतं. पास झाल्या तर त्याला परत पाठवायचं, असं नवऱ्यानं कबूल केलं होतं. तेवढाच काय तो आधार.

आणि नेमका इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढायला लागला. आधी मला वाटलं, ऊन आहे. मग बोनटच्या फटीतून वाफ दिसली. रस्त्याच्या कडेला चहा-भज्यांचं एक दुकान होतं, पुढे कडुलिंब. त्याच्या सावलीत गाडी उभी केली, बंद केली, आणि स्टिअरिंगखालचा खटका ओढला. एरवी ओढताना हाताला जो ताण लागतो, तो नव्हताच. पुन्हा ओढला. नुसताच पुढेमागे. वहिनींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "ताई, उघडन न?"

"उघडते," मी म्हटलं. म्हणताना मलाही खात्री नव्हती.

तुम्ही नेहमी सांगायचात तसं आधी सोपं ते करून पाहिलं. वहिनींना वरून बोनट दाबायला लावलं आणि मी खटका ओढला, कारण कधी कधी लॉक नुसतंच अडकलेलं असतं. नाही उघडलं. मग खटका खोलून मागची तार पकडीत धरली आणि बेतानं ओढली. तर ती सरळ बाहेर यायला लागली, हातभर, दोन हात, सगळी. म्हणजे तुटली होती ती पार पुढे, लॉकच्या तोंडाशी. आता आतून काहीच होणार नव्हतं. तोवर दुकानातली माणसं उठून आली होती. एक ट्रॅक्टरवाले दादा चांगले होते बिचारे, धावत जाऊन लोखंडी सब्बल घेऊन आले. "ताई, सरका तुम्ही. एका झटक्यात खोलतो."

"दादा, ठेवा ती सब्बल," मी म्हणाले. "बोनट खोलायचं हाये, फाडायचं नाई."

माझ्या तोंडून हे अगदी तुमच्या आवाजात निघालं. मला आठवलं, एकदा जीपचं बोनट अडकलं म्हणून मी चिडून त्याच्यावर बुक्की मारली होती. तुम्ही मोठ्यानं बोलला नाहीत, पण माझा हात धरला. "त्याले कायले मारतं? त्यानं काय केलं तुह्यं? आत काय अटकलं ते पाह्य आधी." आणि दुसऱ्या दिवशी भंगारातल्या गाडीचं एक बोनटचं लॉक घरी घेऊन आलात, रॉकेलनं धुतलंत आणि माझ्या हातात ठेवलंत. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे. मी तिच्या पाठीशी पाटावर बसले आहे. लॉकच्या दातात लाकडी दांडी दाबते, खट्ट, अडकते. बाजूची जीभ बोटानं सरकवते, खट्ट, सुटते. आई म्हणते, "लोकं पोरीले भातुकली आणून देतात, अन् तुम्ही लोखंड आणून देता." तुम्ही भाकरीचा पापुद्रा काढून ताटात ठेवता. मग मी डोळे मिटून ते लॉक उघडते आणि तुम्ही म्हणता, "आता समजलं तुले." कितीतरी दिवस ते माझं खेळणं होतं.

परवा मी गाडीपुढे गुडघे टेकून बसले आणि मोबाइलची बॅटरी जाळीतून आत मारली. दिसलं! लॉक दिसलं, तुटलेल्या तारेचं टोक दिसलं, आणि त्याच्या शेजारी ती जीभ. गाडी वेगळी, कंपनी वेगळी, पण कूळ तेच. बोट पोचत नव्हतं. स्क्रू काढायचा पेचकस घातला तर तो आखूड पडला. मला पाहिजे होतं काहीतरी लांब, चपटं, आणि टोकाला आकडा असलेलं. मी उठून सरळ दुकानात गेले. कढईपुढे बसलेल्या मावशींच्या हातात लोखंडी सराटा होता, भाजी परतायचा, लांब दांड्याचा, आणि दांड्याच्या टोकाला खुंटीवर टांगायला वळवलेला आकडा.

"मावशी, सराटा द्या तुमचा."

"काऊन वं माय? भजे करतं का तू?"

"नाई हो, गाडी खोलतो."

त्या हसल्या, पण पदरानं तेल पुसून सराटा माझ्या हाती दिला. दांडा जाळीतून आत घातला. वहिनींनी पदराची घडी करून तापल्या बोनटवर ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं, लॉकवरचा ताण कमी व्हावा म्हणून. पहिल्यांदा आकडा निसटला, माझी बोटं जाळीवर घासली. दुसऱ्यांदा जिभेपर्यंत गेला आणि पुन्हा निसटला. मागून कोणीतरी म्हणालं, "नाई होत ते, टोचन लावून ओढत न्या." वहिनी रडवेल्या झाल्या होत्या, पण हात ढिले केले नाहीत. बाबा, मग मी आत बघायचं सोडून दिलं. डोळे मिटले. दांड्यातून जीभ हाताला लागली, ओळखीची वाटली. कोणत्या बाजूला सरकते हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. आकडा टेकवला, दम धरला आणि ओढला.

खट्ट!

बोनट दोन बोटं वर आलं. मी खाली हात घालून दुसरी खिट्टी सरकवली आणि ते पुरतं उभं केलं. "माय माय! माह्या सराट्यानं!" मावशी ओरडल्या, आणि तिथं जो येईल त्याला सराटा दाखवायला लागल्या. आत फार काही नव्हतं. रेडिएटरच्या वरच्या पाइपाची पट्टी ढिली होऊन पाणी गेलं होतं, बस. गाडी निवेपर्यंत झाकणाला हात लावला नाही. सगळे घाई करत होते, मी चहा पीत बसले. तेच ट्रॅक्टरवाले दादा पाण्याची कॅन भरून घेऊन आले. पट्टी आवळली, पाणी भरलं, गाडी चालू करून पाहिली. काटा जागेवर. तुटलेल्या वायरच्या जागी सुतळी बांधून लॉकपासून जाळीबाहेर काढली, म्हणजे पुन्हा लागलं तर बाहेरूनच ओढता येईल.

मग मी वहिनींना म्हटलं, आता तुम्ही बसा स्टिअरिंगवर. त्या म्हणाल्या, "घाटात?" घाटातच, म्हटलं. सबंध घाटात मला माझ्या पायाशी असलेल्या ब्रेकला पाय लावावा लागला नाही. बुलढाण्यात पोचलो तेव्हा साहेब उठायच्या बेतात होते. आमच्या कपड्यांवरचं काळं बघून त्यांनी विचारलं, "हे काय?" वहिनीच बोलल्या, "बोनट अटकलं होतं साहेब, खोलून आलो." साहेबांनी पुन्हा खुर्ची ओढली. वहिनींनी चढावर गाडी थांबवली आणि एक इंच मागे न येऊ देता उचलली. रिव्हर्समध्ये वळणातून अशी काढली, की जणू भेंडीच्या दोन सरींमधून चालत होत्या. खाली उतरल्यावर ओठावर दातांची खूण होती. पास झाल्याचं कळलं तसा त्यांनी तिथंच उभ्या उभ्या घरी फोन लावला. "गाडी इकायची नाई. तो घेणारा येईन त्याले सांगा, चा पिऊन जाय म्हणा. उद्या वांगे मीच नेईन." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण वहिनी इतक्या मोठ्यानं हसल्या की पुढची परीक्षा द्यायला बसलेली माणसं मागे वळली.

आज त्यांची गाडी माझ्या घरासमोरून गेली. हॉर्न वाजवत गेल्या, गरज नसताना. मी त्यांना शिकवलं होतं की विनाकारण वाजवू नये, तरी मी हात वर केला.

हे लिहिलेलं कुठे पाठवायचं नाही, ते मला ठाऊक आहे. तरी एक तुम्हाला सांगायचं राहिलं, कारण दुसऱ्या कोणाला सांगितलं तर हसतील. बोनट वर गेलं तेव्हा मी आधी पाइपाकडे पाहिलं नाही, पाण्याकडे पाहिलं नाही. मागे वळून पाहिलं, किती माणसं बघत आहेत ते. चांगली दहा-बारा होती. मला कमीच वाटली.