टाकलेली ज्वारी

मरोळ,
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय आई,

तुला नमस्कार. मी बरी आहे. नंदूमामाची कंबर कशी आहे? त्याला म्हणावं, नारळ उचलायला वाकू नकोस.

पत्र अशासाठी की फोनवर आपण "जेवलीस?" "हो" याच्यापुढे जात नाही.

गॅलरीतल्या तुझ्या टोमॅटोंचं कळवायचं आहे. तीन कुंड्यांपैकी दोन गेल्या. आधी खालची पानं पिवळी पडली, मग भर दुपारी झाडांनी माना टाकल्या. खोड चिरलं तर आत तपकिरी रेषा. मर रोग. तिसरी कुंडी त्यांना खेटूनच आहे. माती तीच, पाणी तेच. तिच्यावर अकरा टोमॅटो आहेत. मला पटेना.

तिची चमचाभर माती लॅबमध्ये नेली, पाण्यात कालवून काचेच्या बशीत पसरली. चौथ्या दिवशी झाकण उघडलं आणि ओल्या खोबऱ्याचा वास आला. खिडकीबाहेर विमान इतकं सावकाश उतरत होतं की ते तिथेच थांबलंय असं वाटलं. उन्हात बशीतली हिरवी वर्तुळं, एकात एक. मला वाटलं, तू मागे विळीवर बसली आहेस. मी वळून पाहिलंसुद्धा.

हा वास माझ्याच बुरशीचा. रोगाच्या बुरशीला वेटोळं घालून मारणारी, बोरिवलीच्या जंगलातल्या मातीतून काढलेली, दोन वर्षं सांभाळलेली. दिवाळीनंतर लॅबचा फ्रीज बंद पडला, तेव्हा ती उरली फक्त आपल्या फडताळात, मी पिशवीतल्या ज्वारीवर वाढवून ठेवलेली. त्या पिशवीवर मी चिठ्ठी लावली नव्हती.

तू म्हणालीस, "ज्वारीक बुरशी इल्ली होती गे, टाकलंय."

मी म्हणाले, "माझी दोन वर्षं टाकलीस तू. निदान विचारायची तरी अक्कल हवी."

तू दुसऱ्या दिवशी मामाकडे गेलीस, चार दिवस म्हणून. तीन महिने झाले.

आई, खराब झालेलं धान्य तू कचऱ्यात टाकत नाहीस, कुंडीत टाकतेस. हे मला लहानपणापासून माहीत आहे. आणि दिवसभर दशांशापर्यंत मोजणाऱ्या मला एक शब्द विचारता आला नाही. कुठे?

शेजारच्या जानकीकाकू म्हणतात, "सरळ सॉरी म्हण ना गं, आई आहे ती. एवढा काय भाव खातेस!" मला ते नीट जमत नाही. नव्या बाटलीवर बुरशी कुठे मिळाली आणि कोणामुळे, हे लिहावं लागतं. मी लिहिलं, "तिसरी कुंडी, वनमाला." तुझं नाव घालून बाटली कपाटात ठेवली.

टोमॅटो पिकायला अजून आठ-दहा दिवस आहेत. तोडणार नाही. सार तुझ्या हातचंच चांगलं होतं.

तेव्हा विचारलं नाही, म्हणून आता विचारते. कधी?

तुझी,
चुकलेली
दिशा