एरंडेलाचं रोगण आणि मानाचं धोतर

मुक्काम मोशी, फाल्गुन वद्य दशमी, सन १९५७

तीर्थस्वरूप धर्माजीदादांच्या पायांवर धाकटी बहीण गवराबाई हिचं डोकं. इकडे आम्ही सगळे आपापल्या पायांवर उभे आहोत, गुरं चरताहेत, इंद्रायणीला अजून पाणी आहे. खेडला तुमचा दमा कसा आहे आणि वहिनींचा राग कसा आहे ते कळवावं. (दोन्ही थंडीत वाढतात, म्हणजे आता उतरणीला लागले असतील.) माझे गुडघे पूर्वीसारखेच आहेत. पूर्वी त्यांच्याकडे माझं लक्ष नव्हतं, आता त्यांचं माझ्याकडे असतं.

अक्षर मुरारीचं आहे हे तुम्ही ओळखलंच असेल. मी ओट्यावर बसून सांगते आणि नातू समोर बसून लिहितो. मी 'न्हाई' म्हटलं की हा 'नाही' लिहितो आणि 'व्हय' म्हटलं की 'होय' करतो. त्यामुळे पत्रात मी तुम्हाला पुण्याची बाई वाटेन, पण पदर खांद्यावर नाही, डोक्यावरच आहे असं समजून वाचावं. पत्र आहे ते त्याच्याच फजितीचं. ते त्याच्याच हातून लिहून घ्यावं असं मी ठरवलं, कारण दुसऱ्या कुणाच्या हातून गेलं तर तिखटमीठ लागेल, आणि मला ते स्वतः लावायचं आहे. (लिही रे. मान खाली घालायची ती कागद बघण्यापुरती.)

तर दादा, तुम्ही एवढी खटपट करून चाकणच्या लक्ष्मणरावांची यशोदा आपल्या मुरारीसाठी काढलीत. आपण पोरगी पाहून आलो, पसंत पडली. मागच्या आठवड्यात रविवारी ते आपलं घर बघायला आले. तुमची छाती भरून आली म्हणून तुम्ही येऊ शकला नाहीत, आणि आता सोयरीक मोडली असं तुम्हाला चाकणहून कळलं असेल. काय कळलं ते मला माहीत नाही. काय झालं ते सांगते.

आधी मुरारीचं काम सांगायला हवं. तुम्ही दरवेळी विचारता आणि मी दरवेळी 'चिंचवडला असतो' एवढं सांगून विषय बदलते, कारण मला ते नीट कळलेलं नव्हतं. स्टेशनाजवळ रंगाचा एक छोटा कारखाना आहे, तिथे हा तेल उकळतो, त्यात कसली कसली भुकटी टाकतो, ढवळतो आणि वास घेतो. मग त्यातून जे निघतं त्याला रेझिन म्हणतात. (हा शब्द माझा नाही, त्यानं घुसडलाय.) मला त्यानं समजावलं ते असं, की लाख जशी किड्याच्या अंगातून निघते, तशीच लाख माणसानं भांड्यात शिजवून काढायची. म्हणजे उद्या किड्यांनी संप केला तरी लोकांची दारं-खिडक्या चमकत राहतील. मला हे पटलं. माणूस किड्याचं काम शिकला तर त्यात कमीपणा काय?

लाकडाला चमक आणायचं रोगण करायला जवसाचं तेल लागतं. जवसाचं तेल वाऱ्यावर ठेवलं की वाळून त्यावर साय धरते, एरंडेलावर धरत नाही. हे दिव्यात तेल घालणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. पण यंदा जवस मिळेना, आणि आपल्या बांधावर एरंड उभे. मुरारीच्या पुस्तकात म्हणे असं आहे की एरंडेल औषध घालून पुरेसं तापवलं की त्याच्या अंगातलं पाणी निघून जातं आणि मग तेही वाळतं. मी म्हटलं, बाबा, एरंडेलाचा स्वभाव जन्मापासून सगळं सैल करण्याचा, ते कुणाला घट्ट कसं धरेल? (धरलं. पुढे येतंच आहे.) कारखान्याचे मालक असल्या खेळाला भांडं देईनात, म्हणून यानं आपल्या परसात चूल मांडली आणि माझं वर्षाचं एरंडेल त्यात घातलं. त्या वासानं शेजारच्या म्हशीनं दूध चोरलं. शेवटी मधासारखं, पिवळं, जाड असं काहीतरी तयार झालं. ते यानं आपल्या जेवायच्या पाटांना लावलं. एकदा लावलं, चमक आली. चमक आली म्हणून आणखी एकदा लावलं.

रविवारी सकाळी मी बोट लावून पाहिलं. सुनेनं, म्हणजे ठकूनं, पालथा हात लावून पाहिला. मांजर त्यावरून चालून गेलं. पाट कोरडे ठणठणीत, आणि चमक अशी की ठकूनं त्यात बघून पदर सारखा केला. माझा ऊर भरून आला, दादा. मला वाटलं, लक्ष्मणराव पाट बघतील आणि विचारतील हे कुठून आणलं, मग मी आधी एक पोळी वाढेन, आणि मग सांगेन की आमच्या पोरानं केलं.

लक्ष्मणराव आले, त्यांचे चुलते मालोजीराव आले. दोघांची धोतरं कडक इस्त्रीची, कारण सोयरीक बघायला जाणाऱ्याला परीटघडी लागतेच. दोघांना पाटावर बसवलं, मुरारीला शेजारी बसवलं. पुरणाच्या पोळ्या होत्या. लक्ष्मणराव मोकळे माणूस, जेवता जेवता आपल्या विहिरीचं रडगाणं गाऊ लागले. त्यांची मोट शिवणीत उसवली आहे, बैल ओढून ओढून थकतात आणि मोट वर येईतो अर्धं पाणी परत विहिरीत. शिवून देणारा चांभार भोसरीकडे कुठल्याशा शेडमध्ये कामाला लागला, आता तो घड्याळ घालतो आणि मोटेला हात लावत नाही. मी हळहळले आणि पोळी वाढली. ते नको म्हणाले, मी वाढली. आपल्यात रीत आहे की वडीलधारं माणूस उठल्याशिवाय पंगतीतलं कुणी उठत नाही, आणि वडीलधारे मालोजीराव. त्यांच्या तोंडात दात नाहीत आणि पुरणपोळीवर जीव फार. प्रत्येक घास दुधात भिजवायचा, त्याची वाट बघायची, मग तो गालातल्या गालात फिरवायचा. मी आग्रह करतेय आणि ते वाट बघताहेत. तिकडे खाली त्या एरंडेलाला काय हवं होतं? माणसाचं वजन आणि माणसाची ऊब. वरची साय तेवढी वाळली होती, दादा. खाली लापशीच होती.

मालोजीरावांनी हात पुसला, देवाचं नाव घेतलं आणि ते उठले. पाट त्यांच्याबरोबर उठला.

लक्ष्मणराव चुलत्याला आधार द्यायला उठू गेले, तर तेही पाटासकट उठले आणि परत बसले. मुरारी मात्र बसूनच राहिला, कारण आपण केलेल्या वस्तूचा गुण त्याला आधी कळला होता. त्यांना वाटलं, पोरगा उर्मट आहे, वडीलमाणसं उभी आणि हा बसलाय. (तू उठायचा प्रयत्न करत होतास हे मी लिहायला सांगतेय. लिही.) मी कोमट पाणी आणलं, ठकूनं गोडं तेल आणलं, आम्ही दोघी पाटाभोवती पदर खोचून बसलो. मालोजीराव माझ्या डोक्यावरून आढ्याकडे बघत म्हणाले, "बाई, आग्रह आमीबी करतो. पर पाव्हण्याला पाटाला डकवून जेवू घालायची रीत आमच्या चाकणात न्हाई." मला हसू आलं. ते येऊ नये म्हणून मी खोकले, तर त्यांना वाटलं मी रडतेय, आणि ते जरा नरमले. तेवढाच काय तो दिलासा.

शेवटी माणसं सुटली, धोतरं नाही सुटली. ती फाडावी लागली. आता पाहुण्यांना एस.टी.त बसवून चाकणला पाठवायचं तर कशात? मालोजीरावांना मुरारीचं धोतर दिलं. लक्ष्मणराव उंचीनं आणि अंगानं माझ्या सोनबाएवढे, मुरारीच्या बापाएवढे आहेत. मी ट्रंक उघडली.

तुम्हाला आठवत असेल ते धोतर, दादा. जांभळ्या काठाचं. सोनबा गेल्यापासून ते कुणी नेसलं नव्हतं, मी वर्षातून एकदा ऊन दाखवून परत घडी करायची. नांगराचा फाळ पायाला लागला, एवढंच तर झालं होतं. बोटभर जखम. हळद दाबली, पाला बांधला, वैद्य आणला, आणि माझा तीस वर्षांचा गडी ताप चढून गेला. मुरारी तेव्हा घोंगडीच्या कोपऱ्यात बसून सगळं बघत होता. आता आमच्या पुढच्या खोलीत परभणीकडच्या सुमनताई भाड्यानं राहतात, त्यांचे मालक पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात आहेत. ते सांगतात, तिथे असल्या जखमेवरचं औषध मोठमोठ्या टाक्यांतून करतात. (नाव मुरारी लिहील, माझ्या तोंडात ते बसत नाही. पेनिसिलिन.) ते कशापासून काढतात म्हणाल, तर बुरशीपासून. शिळ्या भाकरीवर येते, तिच्या जातभाईपासून. दादा, मी सगळं आयुष्य बुरशी खरवडून उकिरड्यावर टाकली. कुणीतरी एक माणूस ती टाकायच्या आधी तिच्याकडे बघत बसला. त्याच्याही घरात कुणी आजी असेल, आणि ती म्हणाली असेल, मेल्या, भांडं घासून ठेव. किती भांडी नासली असतील, कुणाची सोयरीक मोडली असेल, कुणास ठाऊक. तोवर कुणाला ते औषध दिसलं नसणार, नुसता वास आला असणार. ते दोन-तीन कोसांवर आलं, पण सोनबाला उशिरा आलं. मी यावर फार विचार करत नाही. भाकरी थापताना येतो तेवढाच.

असो. (असो लिही आणि पुढच्या ओळीला लाग. डोळे पूस, शाई पसरेल.)

मुरारीनं त्या दिवसापासून बाटल्या माळ्यावर टाकल्यात, चिंचवडला गेलेला नाही. म्हणतो, नोकरी सोडतो, नांगर धरतो. त्याला नांगर धरताना तुम्ही पाहिलेलं नाही, बैलांनी पाहिलंय, ते मान वळवून माझ्याकडे बघतात. पण पोराचा निश्चय झालाय, आणि मी त्याच्या मध्ये पडणार नाही. ते रोगण निकामी निघालं हे खरंच आहे. निकामी वस्तूला निकामी म्हणावं, नातवाची असली तरी.

सोयरिकीचं म्हणाल, तर मोडली तर मोडली. तुम्ही दम्याच्या छातीनं चाकणला जाऊन कुणाच्या विनवण्या करू नयेत. मला तुमच्याकडे काही मागायचं नाही. ख्यालीखुशाली कळावी म्हणून हे पत्र. वहिनींना नमस्कार, लेकरांच्या गालावरून माझा हात. तुमच्या पायांची धूळ मी इथूनच कपाळाला लावते, त्यात एस.टी.चं तिकीट वाचतं.

आपली धाकटी,
गवराबाई

ता. क. — आजीनं खोकला आल्याचं सांगितलं ते खोटं आहे. ती उघड हसली होती. मालोजीरावांनी पाहिलं. — मुरारी

ता. क. दुसरा — मुरारी पाकीट आणि तिकीट आणायला भोसरीला गेलाय. फुडचं अक्षर सुमनताईंचं हाय. त्या शिकल्या-सवरलेल्या, पर मी बोलते तसंच लिवत्यात, म्हंजी आता तुमाला तुमची खरी भईन भेटंल.

दादा, वर निकामी म्हनलं ते त्याच्या तोंडावर म्हनलं. त्याला सांगितलं की ते रोगण उकिरड्यावर टाकलं. म्या टाकलं न्हाई. आपलीबी मोट शिवणीत उसवली व्हती, अन् चांभार आपलाबी तोच. म्या आन् ठकूनं तिला दोन दिस सावलीत सुकवली, शिवणीवर ते रोगण बोटानं भरलं, वरनं चिंधी दाबली. मोट चुरगळली तरी ते तडकत न्हाई, कारन वाळतच न्हाई मेलं. त्या दिसापासनं मोट भरून वर येतीया, थेंब गळत न्हाई. पाटाला वाळनारं लागतं, मोटंला न वाळनारं. त्यानं चुकीच्या जागी लावलं, एवढंच. पर म्या सांगितलं तर त्याला वाटंल आजी मन राखतीया. पडक्या चेहऱ्यानं बसलेल्या पोराला घरचं मानूस काय सांगतं त्याची किंमत नसती. तवा माझं मागनं हे असं.

छाती जरा हलकी झाली की इथं या. एक डबा झाकून ठेवलाय, तो घिऊन चाकणला लक्ष्मणरावांच्या इहिरीवर जा. नाव सांगू नगा. नुसतं म्हना, खेडच्या बाजारात मिळालं, लावून बघा. मोट गळायची थांबली, की मग इचारा, ज्यानं ही वस्तू केली त्याला पोरगी द्याल का. अन् त्यांनी आढेवेढे घेतलेच तर त्यांच्या पायाकडं बघा. सोनबाचं धोतर त्यांनी परत धाडलेलं न्हाई. व्याह्याला धोतर द्यायचं म्हंजी मान द्यायचा. तो मान ते साखरपुड्याच्या आधीच नेसून गेलेत. आता परकं कसं म्हनायचं, त्यांनीच सांगावं.

अन् मुरारीला तुमी आपलं म्हनून एक कार्ड टाका, की माज्या मोटंला असलं कायतरी पायजे, दोन डबे करून दे. चिंचवडलाच करून दे म्हना. परसात करू नगं, म्हस दूध देत न्हाई.

ता. क. तिसरा — मुरारी पाकीट घिऊन आला, पर त्याला डिंक न्हाई. त्यानं वाचू नये म्हनून सुमनताई ते गुपचूप त्याच्याच रोगणानं चिकटवत्यात. त्याला उघडता यायचं न्हाई. तुमी हे वाचताय म्हंजी कागद निम्मा फाटलाच असंल, त्याची माफी असावी. फाटलेल्या भागात काय लिवलंय ते इचारायला तरी मोशीला याच.