भागीरथाबाईच्या नावाचे पैसे

कुवेत

माय, तुले आन भाऊ विवेकले माहा जय भीम.

फोनवर नुसतं रडू येते, म्हणून लिहून राह्यली. पुलगावचा धीरज सुटीवर निघाला, त्याच्या हातानं हे पत्र देते.

मी बरी आहो. ज्या म्हातारीले सांभाळते, ती आता माह्याच हातानं जेवते. मालकीण म्हणते, करार संपल्याबिगर सुटी नाई. पासपोर्ट तिच्याचजवळ हाये. म्हणून बाबाच्या मातीले येता आलं नाई. पुण्यानुमोदनाले नालवाडीचे लोक आलते का?

माय, ऑपरेशनचे पैसे मी वेळेवरच टाकलते. फॉर्मवर तुह्यं नाव मानानं 'भागीरथाबाई' लिहिलं. तुह्या पासबुकात नुसतं 'भागीरथा' हाये. तेवढ्यावरून बँकेनं पैसे अडकवले. मी चार खेपा गेली. खिडकीवरचा माणूस म्हणे, "नाव जुळत नाही, थांबावं लागेल." मी म्हटलं, "बाप दवाखान्यात हाये माहा." त्यानं मागच्या माणसाले पुढं बोलावलं.

तिकडं तीन आठवडे बाबा वाट पाहत राह्यले. पोरीचे पैसे आले का, असं विचारत होते का? विवेक सांगत नाई. तू खरं सांगजो.

काल बँकेचा मेसेज आला. नाव दुरुस्त झालं, पैसे निघाले. तू म्हणशील, आता काऊन? मले ते पैसे थांबवता येत नाई, माय.

तू जेवत जाजो. पैसे काढून आणजो. कशासाठी, ते मले लिहिता येत नाई.

तुही पोरगी,
रीता