उलटं व्हायला मनाई

३ फेब्रुवारी
परत तळहात पांढरे! फिरून आले नि गुपचूप नळाखाली धरले. मला काय कळत नाही? लग्न झालं तेव्हा हे नौदलात लेफ्टनंट, आणि जिम्नॅस्टिक्सच्या पॅरलल बारवर देशात पहिले — हाताला लावायची ती पूड यांच्या कपड्यांतून मी चौदा वर्षं धुतलीय. आता वय एकोणसत्तर. उजवा डोळा गेलाच. डाव्याचा पडदा डॉक्टरांनी कसाबसा चिकटवलाय. बजावलंय — डोकं खाली, पाय वर केलेत तर हाही जाईल! आणि कमांडरसाहेब निघाले कसरतीला!

४ फेब्रुवारी
विचारलं. "कुठं काय, नदीकडे मेलकावेरीपर्यंत चालून येतो." बोलताना नजर भलतीकडे. पाणी मुरतंय.

६ फेब्रुवारी
नडगी सोललेली. न्हाणीतून पुटपुटणं — सतरा, अठरा, एकोणीस. स्पर्धेआधी अस्संच मोजायचे. समोरची अंबुजाक्का म्हणते, "बाई असेल गं कुणी!" अय्यो, बाई परवडली! बाईपायी डोळा तर जात नाही.
भांडले. "आंधळे झालात तर मी हात धरून फिरवायची नाही!" बोलून गेले. हे नुसते हसले. माझाच जीव दिवसभर थाऱ्यावर नव्हता.

७ फेब्रुवारी
आज पेपर मलाच वाचायला लावला. वर म्हणे, तुझा आवाज छान आहे. चाळीस वर्षांत कधी नव्हता तो! लपवायचं असलं की हे असेच गोड होतात.

८ फेब्रुवारी
कपाट, ट्रंक, गच्ची — सगळं धुंडाळलं. पुडीचा पत्ता नाही. पक्के आहेत.

९ फेब्रुवारी
मागोमाग ऑटो केली. ड्रायव्हर त्यागराज तमिळात म्हणाला, "सर ना? रोज गिरणीमागच्या गल्लीत असतात, अम्मा." व्यायामशाळा तर दुसऱ्या टोकाला!
गेले. हे गिरणीच्या भिंतीला तळहात टेकवून चाललेले. पोंगलला चुना दिलेली भिंत. डोळे गच्च मिटलेले! ओठ मोजतायत. पायरीला ठेचकाळले, तोल सावरला, पुन्हा एकपासून सुरू. मी हाक मारली नाही. तोंडात पदर कोंबून ऑटोतच बसले.

१० फेब्रुवारी
डावाही जाणार. डॉक्टरांनी पोंगलच्या आधीच यांना सांगितलंय — उन्हाळ्यापर्यंत.
"मला का नाही सांगितलंत?"
"सांगितलं असतं तर मला एकट्याला दाराबाहेर सोडलं असतंस, गोमती?"
नसतंच सोडलं.