पहिल्या तोड्याचा वाल

पाचोड
सोमवार, दि. १५ डिसेंबर २०२५
सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. वाफ्यात पाणी सोडून बांधावर बसलो आहे.

तीर्थस्वरूप द्वारका आत्यास,
कृष्णाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन तू डब्यातून काढत नाहीस, म्हणून हे पत्र. शिवाय फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि ही गोष्ट दादांच्या कानावर जायला नको आहे.

आम्ही इकडं खुशाल आहोत. थंडीनं दादांचा गुडघा कुरकुरतो, पण गुडघ्यापेक्षा तुझे बंधूच जास्त कुरकुरतात. तू हसशील म्हणून हे आधी लिहिलं. पुढचं हसण्यासारखं नाही.

दादांनी शेंद्र्याच्या एका कंपनीत माझ्या नोकरीसाठी ठेकेदाराशी बोलणं केलं आहे, हे तुला माहीत आहे. एक जानेवारीला हजर व्हायचं, मुकुंदवाडीला चौघांत एक खोली. मला जायचं नाही. विहिरीजवळच्या वीस गुंठ्यांत मी तीन वर्षं भाजीपाला करतो आहे, त्या जमिनीला आता कुठं रूप आलं आहे. दादा म्हणाले, बारा महिने भाजी घेईल असं एक पक्कं गिऱ्हाईक दाखव, मग खुशाल राहा. ते गिऱ्हाईक मला काल मिळणार होतं. मी ते बहुतेक घालवलं.

शहरात गुलमंडीच्या मागच्या गल्लीत ‘बांधावरून’ नावाचं जेवणाचं ठिकाण आहे. मनस्विनीताई म्हणून एक बाई ते चालवतात. भाजी, धान्य, दूध सगळं थेट शेतकऱ्याकडून घेतात आणि रोज काय कुणाच्या शेतातून आलं ते दारातल्या पाटीवर खडूनं लिहितात. त्यांचा एक रिवाज आहे. नव्या शेतकऱ्याचा नमुना शनिवारी मागवायचा आणि रविवारी संध्याकाळी त्यालाच पाहुणा म्हणून जेवायला बसवायचं. आपला माल कुठं जातो, कोण खातो हे त्यानं पाहावं आणि स्वतः चाखून सांगावं. मग वर्षाचं ठरतं. माझ्याकडून त्यांनी नमुन्याला वाल मागवला. तुझाच जांभळ्या काठाचा वाल, ज्याचं मूठभर बी तू राखेच्या डब्यातून काढून दिलं होतंस. पहिलाच तोडा होता. तुझा वाटा मी घरी वेगळा काढून ठेवला आणि बाकीचा त्यांच्या गाडीत दिला.

उशीर नको म्हणून एक बस आधीची धरली. ताईंनी सांगितलं होतं की पैठण गेटापासून पायीच या, आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही. आत्या, मी त्या रस्त्यानं विहिरीच्या मोटारीचं सामान आणायला कितीदा गेलो असेन, पण नुसता चालत कधी गेलो नव्हतो. ऊन कललं होतं. कापडाच्या ताग्यांवर, पितळी भांड्यांवर, माणसांच्या खांद्यांवर ते तुपासारखं पसरलं होतं. अत्तराच्या एका दुकानावरून गेलो तर तिथला वास दोन वळणं माझ्याबरोबर आला. एक म्हातारे गृहस्थ दुकानापुढं खुर्ची टाकून बसले होते. त्यांना वाट विचारली तर म्हणाले, घाई कायकू मियाँ, गल्ली खुद ले जाती. आणि खरंच गल्लीनंच मला नेलं. मी चालतो आहे असं वाटतच नव्हतं. भिंती, कमानी, दिवे हळूहळू मागं जात होते आणि मी जागच्या जागी उभा होतो, असं काहीतरी.

दारातल्या पाटीवर लिहिलं होतं: वाल, कृष्णा साहेबराव, पाचोड शिवार. दोन मुली ते मोठ्यानं वाचून आत गेल्या. मी त्यांच्या बाजूलाच उभा होतो आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

राजकुमार नावाच्या वाढप्यानं मला खिडकीजवळ बसवलं. ज्वारीची भाकरी पातळ आणि कडेनं फुगलेली. भरीत, ठेचा, लोणी, चुक्याची भाजी. प्रत्येक पदार्थ वाढताना तो गावाचं नाव सांगायचा. मला वाटलं, मी जेवत नसून शिवारांतून फिरतो आहे. मी तीन भाकरी खाल्ल्या. भरीत दोनदा मागून घेतलं. मग शेवटी त्यानं वालाची वाटी आणून ठेवली.

आणि माझा हात थांबला. आपल्या घरात बी देणारीनं चाखल्याशिवाय पहिला तोडा कुणी तोंडात घालत नाही. तू अजून चाखला नव्हतास. जेवण इतर शेतांचं असेल आणि वालाचं नुसतं बोलणं होईल, असं मी समजून चाललो होतो. ही चूक माझीच. मनस्विनीताई समोर येऊन बसल्या आणि कसा आहे म्हणून विचारलं. खरं कारण सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण आजूबाजूला इतकी शिकलेली माणसं बसली होती की मला ते गावंढळ वाटलं. मी म्हणालो, पोट भरलं. त्यांनी माझ्या ताटाकडं पाहिलं, वाटीकडं पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या की विकायच्या रांगा वेगळ्या आणि घरच्या खायच्या रांगा वेगळ्या ठेवणारे दोघं-तिघं त्यांना भेटले आहेत. तेही बाकी सगळं खायचे, फक्त आपला माल सोडून. मी त्यांना फवारणीबद्दल काही सांगायच्या आत त्या उठल्या आणि कळवते म्हणाल्या.

मी वालाला निंबोळी आणि गोमूत्राच्या अर्काशिवाय काही मारत नाही, हे तुला माहीत आहे. पण ते आता त्यांना कसं सांगू? परत येताना तीच गल्ली होती, तेच दिवे होते. मला वाटलं, कुणा दुसऱ्याचं स्वप्न चुकून मी पाहून आलो आणि ते परत करायचं आहे.

तुझा वाटा बुधवारच्या बसनं कुणाच्या हाती पाठवू का, ते कळव. चुकलो असेन तर रागाव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा भाचा
कृष्णा

◆

दौलताबाद, गुरुवार १८ तारीख

चि. कृष्णास, आत्याचे पोटभर आशीर्वाद.

कार्ड लिहिते कारण राग मोठ्या कागदावर लई पसरतो. तू येडा हायेस. वाल कुणाच्या हाती पाठवू नको. बसायचं तिथं गप बस. मी बघते.

द्वारकाबाई

◆

दौलताबाद
सोमवार, २२ डिसेंबर, दुपारचं जेवण झाल्यावर

चि. कृष्णास,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद. तुह्या दादाला सांग की गुडघ्याला एरंडाचं पान बांध आन जिभेलाबी बांध.

काल रविवार. किल्ल्यापाशी पेरूचं गिऱ्हाईक जोरात व्हतं, तरी पाटी शेजारणीच्या हवाली केली आन शहराची बस धरली. पैठण गेटापासून पायी निघाले, तू लिहिलंस तसं. कानाचं मशीन डब्यातच ठेवलं व्हतं. बरंच झालं. लोक म्हणत्यात तिथं लई कालवा असतो. मला तर एक आवाज आला नाय. माणसं नुसती तोंडं हलवीत चालली व्हती, पाण्यातल्या मासोळ्यांवानी. एक पोरगी फुग्यामागं पळाली, फुगा फुटला, ती रडली, समदं मुक्यानं. मला वाटलं, मेल्यावर माणूस गावातून असाच हिंडत आसंल. भ्या नाय वाटलं. उलट लई गोड वाटलं. काचेच्या बांगड्यांपाशी मी किती येळ उभी व्हते कुणास ठाव. घ्यायच्या नव्हत्या, नुसता उजेड बघत व्हते.

ते हाटेल घावलं. तुहा राजकुमार दारात आला, मला वाटलं हाकलतोय, तर त्यानं वाकून आत बोलवलं. कालवण तुह्या नमुन्यातल्या उरलेल्या वालाचंच व्हतं, दारातल्या पाटीवर तुहं नाव व्हतं. मी म्हणलं वाल दे. खाल्ला. वाटी पुसून खाल्ला. कृष्णा, आपल्या आईच्या, म्हंजी तुह्या आजीच्या हातचा वाल मला चाळीस सालानं घावला. दाणा लोण्यावानी. पर त्यांनी लसूण लई घातला. वालाला ओवा लागतो, हे मी त्यांना सांगितलं.

मला ऐकू येत नाय म्हणून मी वराडून बोलते, तुला ठाव हाये. मनस्विनी समोर आली तवा मी म्हणलं, हा वाल पिकवणारं पोरगं माहं भाचं हाये, त्यानं तो खाल्ला नाय कारण ते मूर्ख हाये. बी माहं, म्हणून पहिला घास माहा, आसं आमच्या घरात हाये, आन ते सांगायला त्याला लाज वाटली. समदे जेवायचे थांबले आन माह्याकडं बघाया लागले. काही हसले बी. मी बी हसले, मला काय.

ती बाई गरीब चेहऱ्याची, डोळे हुशार. तिनं बिलाच्या कागदाच्या पाठीवर लिहून मला इचारलं की तो फवारतो का. मी म्हणलं, मी त्याची आत्या, माह्यावर इस्वास ठिवू नको. त्याला न सांगता शेतात जा आन तिथं बघ. तिनं मान हलवली. येते म्हणाली का नाय म्हणाली, मला काय कळलं नाय. कागदावर काय लिहिलं नाय तिनं.

आता ऐक. मी चाखला. म्हंजी तुला मोकळीक झाली. हे पत्र इथंच ठेव, मागं फीर, वाल शिजव, जेव, मग खालचं वाच.

जेवलास का? खोटं बोलू नको.

तर खालचं येवढंच. ती आली तर बरं. नाय आली तर शेंद्र्याला जा, पर माह्याकडं आठवड्याला येत जा आन त्या ईस गुंठ्यात दुसऱ्याला पाय ठिवू देऊ नको. मी दादाशी भांडते. थोरली बहीण हाये त्याची, त्याला अंगाखांद्यावर खेळवलाय.

जिवाला जप. आत्याला इसरू नको.

द्वारकाबाई

◆

पाचोड
मंगळवार, दि. ३० डिसेंबर २०२५
दुपारी सव्वाचार. पेन भरून, हात धुऊन, ओसरीवर बसलो आहे.

तीर्थस्वरूप आत्यास,
तुझ्या पायांवर डोकं ठेवून कृष्णाचा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. तू सांगितलंस तिथंच थांबलो. पत्राची घडी मिठाच्या बरणीखाली ठेवली, मांडवावरून शेंगा आणल्या, ओवा घालून वाल शिजवला आणि जेवलो. मग हात धुऊन पुढचं वाचलं. खोटं बोलत नाही. दाणा जिभेवर विरघळला तेव्हा डोळे मिटून बसलो होतो. दादांनी विचारलं की ताप आला का.

आता रविवारची हकिकत. मनस्विनीताई आल्या, तुला शब्द न देता आल्या. फाट्यावर उतरून एकट्या बांधाबांधानं चालत. मी विहिरीत मोटारीच्या पाइपाचा फूटव्हॉल्व्ह काढायला उतरलो होतो, त्यामुळं त्या आलेल्या मला दिसल्या नाहीत. त्या भेटल्या दादांना. पाठीला पिशवी, हातात वही बघून दादांना वाटलं, औषध कंपनीची बाई आली. दादांनी त्यांना नावही विचारलं नाही. सुरुवातच केली.

हे सगळं मी खाली, पाण्याच्या वर दोन हात, दोराला धरून ऐकत होतो. विहिरीत आवाज मोठा होऊन येतो. वरती निळं आकाश वाटीएवढं, कडेला उंबराची पानं, आणि दादांचा आवाज जणू आकाशातूनच येत होता. दादा म्हणाले, बाई, आलीस तशी जा, इथं तुझी बाटली खपायची नाही. आमचं पोरगं भित्रं आहे. फवारणीचा पंप बघितला तरी मागं सरकतं. गेल्या साली दुकानदारानं एक डबा फुकट दिला तर यानं तो रात्रभर घराबाहेर ठेवला आणि सकाळी परत नेऊन दिला, पावती घेऊन. युरियाला हात लागला तर तीनदा साबण लावतं. शंभरदा सांगितलं की मार एकदा औषध, तर नाही. पानं उलटून बघ, निम्मा वाल मावा खातो आणि उरलेला आम्ही.

ताईंनी खरंच पानं उलटून बघितली. माव्याची कीड होती, आणि ती खाणारे लाल ठिपकेदार किडेही होते. त्यांनी दादांना विचारलं की मग उरलेला तुम्ही खाता का. दादा म्हणाले, परवापासून रोज तेच खातोय, ओवा घालून, आता कंटाळा आला.

मी वर आलो तेव्हा चिखलानं भरलेला होतो. ताई मला बघून इतक्या हसल्या की खाली बसल्या. मग आपण कोण ते दादांना सांगितलं. दादांचा चेहरा तू बघायला हवा होतास. मंगळवार आणि शुक्रवार माल न्यायचं ठरलं, वर्षभर, वालासकट सगळी भाजी. वहीत लिहून दोघांच्या सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून दादांनी सही केली, आणि मी बघतो आहे हे बघून ती जरा थोरामोठ्यांसारखी वळणदार केली.

त्या गेल्यावर दादा दोन दिवस मला टाळत होते. जेवताना ताटाकडं बघायचे, शेतात दुसऱ्या टोकाला जायचे. मला वाटलं, आपण त्यांना फसवलं असं त्यांना वाटतंय. माफी कशी मागावी याचा मी कागदावर मसुदाही केला होता. पण आज दुपारी ठेकेदाराचा फोन आला. दादांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो. ठेकेदार म्हणाला, परवा पोराला पहिल्या पाळीला पाठवा, डबा देऊन. दादांनी माझ्याकडं पाहिलं नाही. खाटेवरून उठले, अंगणात गेले, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की पोरगं रिकामं नाही.

अजून ते अंगणातच उभे आहेत. फोन कधीच बंद झाला आहे, तरी कानाला धरून.

संक्रांतीला येतो. तोवर थंडीत सांभाळ, आणि माझ्यावरचा लोभ आहे तसा चालू दे.

तुझा भाचा
कृष्णा