हात दाखवणारं बदक

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या (आणि तुझ्या मते अजून न सुधारलेल्या) भावाचा साष्टांग नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भाचेमंडळी अभ्यास करतात, की तू दिसलीस की पुस्तक उघडतात? इकडे सगळे ठीक. आईचा पाय डॉक्टरांच्या मते केव्हाच बरा झालाय आणि आईच्या मते डॉक्टरांना काही कळत नाही. गाडी अगदी अंगावरून गेल्यासारखी गेली आणि ती रस्त्यात पडली, तेव्हापासून तिने उंबरा ओलांडलेला नाही, हे तुला ठाऊकच आहे. समोरच्या शिवणकामवाल्या मावशी त्यांच्या खिडकीतून आणि आई आपल्या खिडकीतून, अशा दोघी हातवारे करून गप्पा मारतात. मला ते बघवत नाही.

म्हणून मी एक गेम बनवला. (हसू नकोस. दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढणाऱ्या माणसाला काहीतरी छंद हवाच.) ब्राउझरमध्ये उघडायचा, बाणाची बटणं दाबायची, बदकाने रस्ता ओलांडायचा, एवढंच. पण कॉम्प्युटरला काही म्हणजे काहीच ठाऊक नसतं गं! पडद्याला कडा असतात हे सांगायला मी विसरलो, तर पहिलं बदक उजवीकडे चालू लागलं ते गेलंच. अजून चालत असेल बिचारं. धडक म्हणजे काय तेही शिकवावं लागतं, नाहीतर ट्रक बदकाच्या आरपार जातो आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नाही. मला भलतीच मजा वाटू लागली. आपण किती गोष्टी न शिकवता शिकलो, याचा पत्ताच नसतो.

मग आईला खेळायला बसवलं. ती बटण दाबेना. मेलं तर दुसरं बदक मिळतं, असं मी समजावलं, त्यावर तिने असं पाहिलं, जणू मीच ते बदक मारलं होतं. रस्ता मोकळा झाला की जाईन म्हणाली. आता मी गाड्या न संपणाऱ्या केलेल्या, रस्ता मोकळा व्हायचा कसा? भाजी करपली, तुझ्या भावजयीने आम्हा दोघांचा उद्धार केला, तरी ही बदकाला घेऊन कडेला उभीच. शेवटी म्हणाली, "हात दाखवला तरी तुझ्या रस्त्यावर कुणी थांबत नाही का रे?"

गाड्या पळवायच्या कशा एवढंच मी शोधलं होतं. थांबवणं त्याहून अवघड निघालं. बदकाने पंख वर केला की पुढची गाडी थांबे आणि मागच्या तिच्यावर चढत. ते निस्तरलं, तर थांबलेल्या गाड्या पुन्हा हलेनात. एक टेम्पो तर उलटा निघाला. (आपल्या चौकात वेगळं काय होतं, असं तुझी भावजय म्हणाली.) अखेर ब्रेक लागले. आईने पंख वर करून रस्ता ओलांडला, परत आली, पुन्हा ओलांडला. पुढच्या लेव्हलला नदी होती. ती मात्र तिने उघडलीच नाही. नदीपलीकडे आपलं कोण आहे, म्हणे.

परवा दुकानातून येताना घरासमोर गाड्यांची रांग दिसली. धावत सुटलो. रस्त्याच्या मधोमध आई. हात वर, चाल सावकाश. ट्रकवाला मुकाट्याने थांबलेला. पलीकडे मावशी दार उघडून उभ्या. ताई, मला तिथेच रडू आलं.

भाच्यांना आशीर्वाद, भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. तिला एकटीला बाहेर सोडू नकोस, असं तू बजावलं होतंस. रागवायचंच असेल तर बदकाला रागव.

आणखी ता. क. गेममध्ये आईचा स्कोअर शून्य आहे. पॉइंट मी न थांबता पळणाऱ्याला ठेवले होते. ते बदलतोय.

शेवटचा ता. क. (पत्र खरं यासाठीच.) काल तिने आपणहून नदीची लेव्हल उघडायला लावली. "पलीकडे तुझी ताई राहते," म्हणाली. तेव्हा गुरुवारच्या बसने ती आणि मावशी तुझ्याकडे येताहेत. मी सोबत नको, हे मला स्पष्ट सांगण्यात आलंय. स्टँडवर वेळेत पोच. आणि रस्त्यापलीकडे दोघी दिसल्या म्हणून धावत सुटू नकोस. आधी हात दाखव, ती बघत असेल.