एका पायातली चप्पल

शनिवार संध्याकाळ, अल नहदा

डोकं फिरलंय. टोळी सोडून इथे आखातात ताईकडे राहायला आलो तेव्हा दाजी लोकांना सांगायचे, हा जबल अलीला वेअरहाउसमध्ये असतो, बस्स. टोळीचा विषयसुद्धा काढायचा नाही. आता मी त्याच दिवसांवर लिहितो, लोक वाचतात, तर आज पाहुण्यांसमोर काय, "आमचा मेहुणा, एकेकाळचा भाई! यल्ला, एक डायलॉग होऊन जाऊ दे!" सगळे खिदळले. मी काय माकड आहे?

मग दाजींनी माझं लिखाण मोठ्याने वाचलं. आम्ही फळवाल्याला मारलं, तो पळाला, रस्त्यात त्याची एक चप्पल राहिली. तेवढंच आहे त्यात. दाजी म्हणाले, "चप्पल काढ रे, बोअर होतं. तलवार टाक." अरे, तलवार नव्हतीच तिथे! चप्पल होती. निळी, पट्टा तुटलेली. (रोल्लाहून आणलेली बिर्याणी मात्र झकास होती. असो.)

सगळे गेल्यावर ताई भांडी घासता घासता म्हणाली, "एका चपलेवर घरी कसा गेला असेल रे तो?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही नाही.

दाजींना राग येऊ दे, नाहीतर घराबाहेर काढू दे. चप्पल राहणार. खलास.